खाडा की रजा? — जुन्नर-आंबेगावच्या श्रमिकांचा एक प्रश्न

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावांचे रूप पालटते. ग्रामदैवताच्या देवळाला रंग लागतो, वर्गणीच्या पावत्या फाटू लागतात, आणि मुंबईहून माळशेज घाटाने येणाऱ्या गाड्या माणसांनी भरून येतात. वर्षभर मुंबईत राबणारी मंडळी यात्रेसाठी चार दिवस गावी येतात. पालखीला खांदा देतात, म्हाताऱ्या आईवडिलांना भेटतात, पडवीची गळकी कौले चाळून देतात आणि परत जातात. त्याच गावात त्याच दिवशी एखादी बाई मात्र यात्रा सोडून पहाटेच टोमॅटोच्या तोडणीला जाते. 'देवाला नंतर जाईन, पण खाडा नको' असे ती म्हणते.

खाडा हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. कामावर न जाणे आणि त्या दिवसाची मजुरी बुडणे, या दोन्ही गोष्टी या एकाच शब्दात सामावल्या आहेत. याउलट रजा म्हणजे कामावर न जाणे, पण पगार चालू राहणे. एकाच गावातील दोन श्रमिकांपैकी एकाच्या वाट्याला रजा आणि दुसऱ्याच्या वाट्याला खाडा का यावा? भरपगारी रजा हा श्रमिकाचा हक्क आहे की मालकाची मेहेरबानी? आणि हक्क असेल, तर तो सर्वांना का मिळत नाही? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रजेचा थोडा इतिहास

'रजा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. म्हणजे शब्दातच मालकाची मर्जी गृहीत धरलेली आहे. या मर्जीचे हक्कात रूपांतर कसे झाले, हाच रजेचा इतिहास होय.

आपल्याकडे या इतिहासाचा आरंभ नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करावा लागतो. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत तयार झालेले आणि 'दीनबंधु' पत्र चालविणारे लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. आज वाचताना त्या किती साध्या वाटतात! परंतु त्यांतील पहिली मागणी मान्य होण्यास सहा वर्षे लागली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची मोठी सभा भरली. तीत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी निवांत उठतो, तो रविवार असा मिळालेला आहे.

मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. १८९० साली मिळाली ती सुट्टी होती, भरपगारी रजा नव्हती. उक्त्या कामावरच्या कामगाराला काम नाही त्या दिवसाची मजुरी नाही, हा नियम तसाच राहिला. गिरणी कामगार पेरणीला, लग्नकार्याला किंवा आजारपणात गावी गेला तर त्याचा पगार तर बुडेच, शिवाय परत आल्यावर साच्यावर दुसराच 'बदली' कामगार उभा असे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगाने (व्हिटले आयोग) या प्रश्नाची दखल घेतली. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडण्यापेक्षा ते सांभाळावे, त्याला ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि परत आल्यावर जुने काम मिळेल असा भरवसा द्यावा, असा त्या आयोगाचा अभिप्राय होता.

जगात १९३६ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी फ्रान्समध्ये मोठ्या संपानंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. त्याच वर्षी जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने वर्षाच्या नोकरीनंतर किमान सहा दिवसांची पगारी रजा असावी असा करार संमत केला. पुढे १९७० च्या करारात ही मर्यादा तीन आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली.

आपल्या देशात कारखान्यांतील कामगारांना भरपगारी रजेचा कायदेशीर हक्क १९४५ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने मिळाला. त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. एक वर्ष सलग नोकरी झाल्यावर प्रौढ कामगाराला दहा दिवस आणि बालकामगाराला चौदा दिवस रजा, अशी ती तरतूद होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने हिशेब बदलला. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढील वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा मिळू लागली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण मात्र कायम आहे.

१९४८ सालीच संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने चोविसाव्या कलमात विश्रांतीचा, मर्यादित कामाच्या तासांचा आणि ठरावीक काळाने मिळणाऱ्या पगारी सुट्टीचा हक्क सर्व माणसांना आहे असे म्हटले. आपल्या संविधानाचे ४३ वे कलमही निर्वाहापुरते वेतन आणि फुरसतीचा पुरेपूर उपभोग यांची हमी श्रमिकांना मिळावी यासाठी राज्याने झटावे, असे सांगते. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांतील असल्यामुळे त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. तरीही घटनाकारांनी वेतनाच्या शेजारी फुरसत हा शब्द बसविला, हे विसरता येणार नाही.

वीस दिवसांमागे एक दिवस याचा अर्थ

या कायद्यातील 'वीसला एक' या प्रमाणाकडे बारकाईने पाहिले की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. रजा ही मालकाने दिलेली देणगी असती, तर ती सर्वांना सारखीच असती. येथे मात्र ती केलेल्या कामाच्या प्रमाणात जमा होते. म्हणजे एकोणीस दिवस राबताना विसाव्या दिवसासारखीच ती थोडीथोडी कमावली जात असते. समजा, एखाद्याची रोजंदारी ४०० रुपये आहे. त्याने वर्षात २४० दिवस काम केले तर त्याची मजुरी ९६,००० रुपये झाली. बारा दिवसांच्या रजेचा पगार ४,८०० रुपये होतो. म्हणजे शंभराला पाच रुपये, रोजच्या चारशेमागे वीस रुपये. रजेचा पगार हा फुकटचा पगार नसून मागे ठेवलेली मजुरी आहे, हे या गणितावरून स्पष्ट होते.

तेव्हा तत्त्वतः श्रमिकाचा रजेवर हक्क आहे, याबद्दल वाद राहत नाही. वाद आहे तो हा हक्क कोणाच्या हाती पोहोचतो याबद्दल. कायद्याला मोजणी लागते. मोजणीला मस्टर लागते. आणि मस्टरला एक ठरलेला मालक लागतो. आपल्या दोन तालुक्यांत यांपैकी एकही गोष्ट नसलेले श्रमिक किती तरी आहेत. त्यांची तीन उदाहरणे पुढे घेतली आहेत.

डबेवाल्यांची यात्रेची सुट्टी

पहिले उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे. लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मिळविली त्याच १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोहोचविण्याचे काम सुरू केले असे सांगितले जाते. डबेवाल्यांच्या संस्थेची नोंदणी १९५६ साली झाली. ही मंडळी मुख्यतः मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील, शिवाय शेजारच्या अकोले-संगमनेरकडची. डबेवाला कोणाचा नोकर नाही. तो आपल्या गटाचा भागीदार असतो, आणि ग्राहक त्याला महिन्याच्या हिशेबाने पैसे देतो. त्यामुळे कारखान्याचा रजेचा कायदा त्याला लागू पडत नाही.

असे असूनही त्याने स्वतःची भरपगारी रजा निर्माण केली आहे. दरवर्षी चैत्रातील यात्रांच्या सुमारास डबेवाले चार-सहा दिवस सेवा बंद ठेवून गावी येतात. ग्राहकांना तशी आगाऊ सूचना दिली जाते, आणि या दिवसांचे पैसे कापू नयेत अशी विनंतीही संघटनेतर्फे केली जाते. कायदा नाही, करार नाही, तरी ही प्रथा टिकून आहे.

ती का टिकली याची कारणे शोधली तर तीन दिसतात. पहिले, पगार रोजावर नसून महिन्यावर आहे. मोजणीचे एकक महिना असले की चार दिवस त्यात सामावून जातात, दिवस असले की प्रत्येक दिवस बोचतो. दुसरे, सर्वजण एकाच वेळी जातात, त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याला उभे करता येत नाही. गिरणीतील बदली कामगाराची भीती येथे नाही. तिसरे, कारण सर्वांना ठाऊक आणि मान्य असलेले आहे. यात्रेला जाणाऱ्या माणसाला अडविणे आपल्या समाजात बरे दिसत नाही.

परंतु या प्रथेची मर्यादाही पाहिली पाहिजे. विनंती ही शेवटी विनंतीच. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे डब्यांची सेवा थांबली, उपनगरी गाड्या सामान्य प्रवाशांना बंद झाल्या आणि कितीतरी डबेवाले गावी परतले. चार दिवसांची रजा देणाऱ्या प्रथेपाशी महिनोन्‌महिन्यांच्या सक्तीच्या सुट्टीला उत्तर नव्हते. सगळेच ग्राहक घरी बसल्यावर पैसे मागायचे कोणाकडे? प्रथा सुखाच्या दिवसांत सांभाळते, संकटात कायदा लागतो, हा धडा त्या वर्षाने आपल्या गावांना दिला.

ज्यांचे नाव कोणत्याच मस्टरवर नाही

दुसरे उदाहरण शेतमजुरांचे. कुकडी आणि घोड नद्यांवरील धरणांचे पाणी पूर्वेकडील गावांना मिळाले आणि नारायणगाव, मंचर परिसरात टोमॅटो, कांदा, ऊस, द्राक्षे यांची बागायत वाढली. पश्चिमेकडील डोंगरी पट्ट्यात भात आणि हिरडा यांवर वर्ष निघत नाही, म्हणून तेथील आदिवासी कुटुंबे कामासाठी पूर्वेकडे येतात. आज एकाच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. वर्षाचे दोनशे दिवस काम होत असेलही, पण ते वीस-पंचवीस मालकांकडे वाटलेले असते. कोणाही एकाकडे त्याचे १८० दिवस भरत नाहीत. कष्ट पुरे, पण मोजणी अपुरी. अशा मजुरासाठी रजेचा कायदा असून नसल्यासारखाच.

ऊसतोडणी कामगारांची स्थिती याहून कठीण आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात व हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाशेजारी खोपटी घालून राहतात. त्यांचा व्यवहार मुकादमाशी, उचलीवर. येथे खाडा म्हणजे केवळ मजुरी बुडणे नव्हे. न आलेल्या दिवसाचा दंडही उचलीत चढविला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ साली राज्यभर गाजले आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दुखण्यामुळे पडणारे खाडे आणि त्यांचा दंड हे या शस्त्रक्रियांमागील एक कारण म्हणून पुढे आले. एका दिवसाची विश्रांती मिळत नाही म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकावा लागावा, याहून रजेच्या हक्काची निकड दाखविणारा दुसरा पुरावा कोणता हवा?

तिसरे उदाहरण आपल्या नारायणगावचे, तमाशा कलावंतांचे. तमाशाची पंढरी म्हणून नारायणगाव ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा-पंच सुपारी देण्यासाठी येतात. इतरांची यात्रेची रजा म्हणजे कलावंतांचा ऐन कामाचा हंगाम. दसऱ्यापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत रोज नवे गाव, रात्रभर खेळ आणि दिवसा प्रवास. पुढे पावसाळ्याचे चार महिने सुट्टी खरी, पण ती बिनपगारी. त्या काळात घर चालते ते पुढच्या हंगामाच्या उचलीवर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ऐन खेळात बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांच्या कलानिष्ठेला वंदन करावे तेवढे थोडेच आहे. पण ती हकीकत ऐकताना आपल्या मनात दुसराही विचार यावयास हवा. त्या रात्री त्यांना विश्रांती देऊ शकेल अशी कोणतीही व्यवस्था त्यांच्याभोवती नव्हती, हे त्या निष्ठेइतकेच खरे आहे.

काही आक्षेप

भरपगारी रजेविरुद्ध नेहमी तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, 'काम नाही तर दाम नाही'. याचे उत्तर वर आलेच आहे. रजेचा दाम आधीच केलेल्या कामाचा असतो.

दुसरा आक्षेप असा की, रजा मिळाली तरी मजूर ती दुसरीकडे काम करण्यात किंवा व्यसनात घालवील. नोकरदार माणूस आपली रजा कशी घालवितो, असे आपण त्याला कधी विचारत नाही. मग मजुरालाच का विचारावे? आणि रजेत तो दुसरीकडे कामाला जात असेल, तर तो दोष रजेचा नसून अपुऱ्या मजुरीचा आहे.

तिसरा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडील बहुतेक शेतकरी दोन-चार एकरांचे धनी आहेत. टोमॅटोला भाव नसला की तोडणीची मजुरीही निघत नाही आणि माल रस्त्यावर ओतावा लागतो. गोठ्यात गाय असलेल्या शेतकऱ्याला स्वतःलाच वर्षात एक दिवस सुट्टी नसते. त्याने मजुराला पगारी रजा कोठून द्यावी? हीच अडचण लहान दुकानदाराचीही आहे, आणि म्हणूनच २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना रजेच्या तरतुदींतून वगळले. हा आक्षेप उडवून लावता येत नाही. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते की रजेचा भार एकट्या लहान मालकावर टाकता येणार नाही. मजुराचा हक्क नाही, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

मार्ग आहे काय?

मार्ग आहे, आणि तो महाराष्ट्रानेच दाखविलेला आहे. बाजारातील हमालाला एक मालक नसतो. सकाळी या व्यापाऱ्याची पोती, दुपारी त्या व्यापाऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांनी या माथाडी कामगारांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याने कामगार, मालक आणि शासन यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन केली. कामगार आणि मालक दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि रजेचा पगार दिला जातो. पन्नास मालकांकडे विभागलेले कष्ट अशा रीतीने एका खात्यावर गोळा होतात. मस्टर मालकाच्या हाती न राहता मंडळाच्या हाती येते. या मंडळांच्या कारभारातही अडचणी आणि तक्रारी आहेत, परंतु 'एक मालक नाही म्हणून रजा नाही' हा युक्तिवाद या कायद्याने कायमचा निकालात काढला.

हेच तत्त्व नारायणगाव आणि मंचरच्या बाजार समित्यांच्या परिसरात शेतमजुरांसाठी वापरता येणार नाही काय? मजुराला नोंदणीचे कार्ड मिळावे, कामाचा प्रत्येक दिवस त्याच्यावर चढावा, आणि रोजामागे पाच टक्क्यांचा निधी जमावा. त्यातील वाटा शेतकऱ्याबरोबरच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने आणि शासनानेही उचलावा, कारण तोडलेल्या टोमॅटोचा लाभ त्या सर्वांनाच होतो. चारशे रुपयांमागे वीस रुपये ही रक्कम तिघांत वाटली तर ती कोणालाही चिरडणारी नाही. ऊसतोडीच्या बाबतीत तर हिशेब आणखी सोपा आहे, कारण प्रत्येक टन उसाची नोंद कारखान्याच्या काट्यावर होतच असते. उसाचे वजन किलोपर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेला माणसाचे दिवस मोजता येत नाहीत, हे पटण्यासारखे नाही.

कोणी म्हणेल की हे स्वप्नरंजन आहे. पण मागेल त्याला काम ही कल्पनाही एके काळी स्वप्नरंजनच वाटत होती. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला. कामाचा हक्क मानणाऱ्या राज्याला विश्रांतीचा हक्क परका वाटू नये.

समारोप

सारांश, भरपगारी रजा ही श्रमिकाची कमाई आहे, आणि म्हणून ती त्याच्या हक्काची आहे. हा हक्क प्रथेने मिळू शकतो, हे आपल्या डबेवाल्यांनी दाखविले. तो अनेक मालकांकडे राबणाऱ्यालाही कायद्याने मिळू शकतो, हे माथाडींनी दाखविले. शेतमजूर, ऊसतोडे आणि तमाशा कलावंत यांच्याजवळ अजून ना प्रथेचे बळ आहे, ना कायद्याचे. त्यांचे दिवस कोणी मोजत नाही, हेच त्यांच्या खाड्याचे खरे कारण आहे.

आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी रोजावर जाते. सुट्टीत आम्हीही जातो. तेव्हा या प्रश्नाचा अभ्यास केवळ परीक्षेपुरता ठेवून चालणार नाही. अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी येत्या वर्षी आपापल्या गावातील मजुरांचे वर्षभराचे कामाचे दिवस आणि खाडे यांची साधी पाहणी हाती घ्यावी, अशी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांचे म्हणणे प्रथम कागदावर आणले, आणि रविवार नंतर मिळाला. आपणही निदान खाड्यांची मोजणी तरी सुरू करू या.